छप्पन्नच्या शेव्हरोलेचा रास्त भाव

रांगेत उभं राहायची ही जी खोड आम्हाला लागली आहे, ती तुम्ही लावलीत. तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला बरोबर ठाऊक आहे. नाव घेऊन तुम्हाला आणखी मोठं करायची माझी इच्छा नाही. पावाला रांग, कोंबडीला रांग, साबणाला रांग, आणि उद्याची रांग कुठे लागणार हे विचारायलाही रांग. दोन पिढ्या तुम्ही आम्हाला असं उभं केलंत की आता चार माणसं कुठे नुसती गप्पा मारताना दिसली तरी आमचे पाय आपोआप त्यांच्या मागे जाऊन थांबतात. काय मिळतंय हे आम्ही नंतर विचारतो. तेव्हा आमच्या हवानात, वेदादोच्या एका गल्लीत, भर सकाळी एव्हेलिओ पेद्रोसोच्या बाबतीत जे घडलं, त्याचे आरोपी तुम्ही आहात. आधी ऐकून घ्या.

एव्हेलिओ समुद्राकाठच्या एका हॉटेलात बॅगा उचलायचा. उभं आयुष्य त्याने दारात उभं राहून एकच गोष्ट पाहिली. अर्ध्या चड्डीतला पाहुणा खाली उतरणार, समोर उघड्या टपाची जुनी अमेरिकन गाडी थांबणार, पाहुणा मागच्या सीटवर राजासारखा रेलणार, आणि तासाभराने परत येऊन ड्रायव्हरच्या हातावर एवढे पैसे ठेवणार, की तेवढ्यासाठी एव्हेलिओला महिनाभर पाठ मोडून घ्यावी लागायची. शेवटी पाठ खरंच मोडली. हॉटेलने त्याला एक पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. पुष्पगुच्छातली फुलंही कुणाच्या तरी लग्नातली होती.

त्याने मोटरसायकल विकली, फ्रीज विकला, अमेरिकेत, टॅम्पात नर्सचं काम करणाऱ्या पोरीने साठवलेले डॉलर पाठवले, आणि ठरलं की आपणही उघड्या टपाची गाडी घ्यायची. बायको मिलाग्रोस हिने पैशांचं गाठोडं त्याच्या हातात देताना डोळ्यात डोळे घालून सांगितलं,

"चौदा हजार. त्यावर एक डॉलर गेला तर त्या गाडीतच झोपायचं. आणि तिला टप नाही हे लक्षात ठेव."

"अगं, पण गाडी चांगली असली तर?"

"पोरगी रात्रपाळ्या करते तिकडे. गाडी चांगली असली तर चौदाला मिळेल, वाईट असली तर त्याहून कमीला. चौदाच्या वर चांगलं काही नसतं."

भाव पारखायला सोबत कोण? तर मेहुणा, ओरेस्तेस. ओरेस्तेसने आयुष्यात एकही गाडी विकत घेतली नव्हती, पण शहरातल्या निम्म्या गाड्यांच्या खाली तो झोपलेला होता. त्याच्याकडे जुन्या स्पीकरमधून काढलेलं एक लोहचुंबक होतं. रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून ते त्याने स्वतःच्या पोरीच्या मोज्यात घातलेलं असायचं. चुंबक चिकटलं तर पत्रा, नाही चिकटलं तर पुट्टी, आणि घसरून खाली पडलं तर चक्क पुठ्ठा.

"दाजी, हे बघा," जाताना ओरेस्तेस समजावत होता, "तीन गोष्टी. एक, आत इंजिन कुठलं आहे. डिझेलवरचं कोरियन असेल तर पैसे चढतात. दोन, पत्रा किती आणि पुट्टी किती. आणि तिसरी सगळ्यात मोठी. गाडी जन्मापासून उघडी आहे, का बंद गाडीचं छत करवतीने कापून कुणी उघडी केली आहे. कापलेली असेल तर निम्मा भाव."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही तोंड वाकडं करून उभे राहा. काहीही दिसलं तरी वास आल्यासारखं तोंड. हसलात की हजार वाढले."

गाडी घरासमोर रस्त्यावरच उभी होती. छप्पन्न सालची शेव्हरोले, पिवळीधमक, पांढऱ्या सीट, पुढचा क्रोमचा बंपर असा चमकत होता की त्यात एव्हेलिओला आपलं वाकडं तोंड स्पष्ट दिसलं आणि ते लगेच सरळ व्हायला लागलं. मालकीण एनेइदाबाई, एका दंतवैद्याची विधवा, नाकाला पावडर, पायात सपाता, व्हरांड्यात उभी होती.

"अठरा," ती म्हणाली. "फोनवर सांगितलं तेच. बघा, हात लावा, खाली झोपा, माझं काही म्हणणं नाही. मी कॉफी टाकते."

ती आत गेली. ओरेस्तेस पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकला आणि त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. एव्हेलिओ एकटा गाडीच्या पुढच्या दिव्याजवळ तोंड वाकडं करून उभा राहिला. आता नीट ऐका, कारण इथून पुढे तुमचं काम सुरू होतं.

समोरून एक जाडजूड बाई दोन रिकाम्या पिशव्या घेऊन चालली होती. नाव दुल्से, सकाळपासून तिला कुठेही काही मिळालं नव्हतं. तिने काय पाहिलं? एक गाडी. गाडीखालून बाहेर आलेले पाय, म्हणजे कुणीतरी खाली काहीतरी काढतंय. आणि बाजूला वैतागलेल्या चेहऱ्याचा एक माणूस, हात मागे बांधून, वाट बघत. असा चेहरा आमच्याकडे एकाच ठिकाणी असतो.

"शेवटचं कोण?" दुल्सेने विचारलं.

आणि एव्हेलिओने, गाडीच्या विचारात, न बघता, जन्मभराच्या सवयीने हात वर केला. "मी."

"बरं. मग मी तुमच्या मागे," असं म्हणून तिने पिशव्या खाली ठेवल्या.

एव्हेलिओला चूक कळेपर्यंत तिच्या मागे एक पोस्टमन उभा होता. पोस्टमनच्या मागे सायकल धरून एक म्हातारा, त्याच्या मागे लेकराला कडेवर घेतलेली एक पोरगी. पोरीने वरच्या गॅलरीकडे बघून आईला हाक मारली, तशा तीन गॅलऱ्यांतून तीन आया खाली आल्या.

"अहो, इथे काही नाहीये," एव्हेलिओ म्हणाला. "ही रांग नाही. मी गाडी बघायला आलोय."

"हो का?" पोस्टमन म्हणाला. "मग कशाला पहिला नंबर लावून उभे आहात?"

"मी नंबर लावलेला नाही!"

"ऐकलंत? म्हणजे भरपूर आहे," म्हाताऱ्याने मागे कळवलं. "कमी असतं तर ओरडला नसता. गपचूप घेऊन गेला असता."

कोंबडी आहे, अशी बातमी कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत येताना अंडी आणि कोंबडी अशी होऊन आली. एव्हेलिओ जितका नाही म्हणे तितकी रांग घट्ट होई, कारण जो नाही म्हणतो त्यालाच माहीत असतं, हे तुम्ही आम्हाला शिकवलं आहे. गर्दीचा बंदोबस्त करायला एक पोलीस आला. त्याने शिट्टी तोंडात घातली, रांगेकडे पाहिलं, शिट्टी काढली, दुल्सेला हळूच विचारलं, "मावशी, काय आलंय?" आणि बायकोला फोन लावत शेवटी जाऊन उभा राहिला.

पोलीसच रांगेत उभा आहे म्हटल्यावर उरलीसुरली शंका गेली.

एनेइदाबाई कॉफीच्या तीन चिमुकल्या कपांची थाळी घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. घरापासून थेट कोपऱ्याच्या औषधाच्या दुकानापर्यंत माणसं.

"एव्हेलिओ, हे कोण?"

"मला काय माहीत, बाई! चुकून..."

"या सगळ्यांना काय हवंय?"

"जे असेल ते!" पोस्टमन ओरडला.

एनेइदाबाईने थाळी कठड्यावर ठेवली. नवरा गेल्यापासून तिने ही गाडी विकायचा प्रयत्न तीनदा केला होता आणि तीनदा माणसं तोंड वाकडं करून निघून गेली होती. आज मात्र गल्ली भरली होती. तिने केसांवरून हात फिरवला.

"बावीस," ती म्हणाली.

"अहो, अठरा म्हणालात ना आत्ता!"

"अठरा म्हणाले तेव्हा तू एकटा होतास, राजा."

एव्हेलिओ धावत गाडीकडे गेला आणि ओरेस्तेसच्या पायांशी उकिडवा बसला. "ओरेस्तेस! ती बावीस म्हणते! बाहेर ये!"

"पाच मिनिटं दाजी," खालून आवाज आला. "इथे काहीतरी गंमत आहे. मागे बेडचा अँगल लावलाय कुणीतरी. खऱ्याखुऱ्या पलंगाचा. पायाची चाकं अजून तशीच आहेत."

तो परत आला तर त्याच्या जागी दुल्से होती.

"अहो, मी इथे होतो."

"होतात. मग गेलात," दुल्से म्हणाली. "जाताना मला सांगितलंत? 'बाई, जागा बघा' म्हणालात? नाही ना? मग मागे जा."

"पण गाडी मला घ्यायची आहे!"

"सगळ्यांनाच घ्यायची आहे," मागून कुणीतरी म्हणालं. त्या माणसाला गाडीचं काही माहीत नव्हतं, पण न्यायाचं माहीत होतं.

आणि म्हणून एव्हेलिओ पेद्रोसो, पोरीचे रात्रपाळीचे पैसे पोटाशी बांधलेला, गल्लीतलं एकमेव गिऱ्हाईक, रांगेच्या शेवटी पोलिसाच्या मागे जाऊन उभा राहिला. पोलीस म्हणाला, "माझ्या मागे माझी बायको आहे, येतेच आहे. तिच्या मागे लागा."

तिकडे पुढे एनेइदाबाईने पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळून गोड आवाजात विचारलं, "बोला. घेणार?"

"घेणार तर," दुल्से म्हणाली. "माणशी किती देता?"

"माणशी? एकच आहे."

"एकच? बरं. मग एक द्या." तिने पिशवी उघडून धरली. "रेशनवर किती आणि मोकळ्या भावाने किती?"

"बावीस हजार डॉलर."

दुल्सेच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तुमच्या कृपेने आम्हाला आता कुठल्याच भावाचं आश्चर्य वाटत नाही. ती फक्त म्हणाली, "अर्धी मिळेल?"

नेमका तेव्हाच ओरेस्तेस गाडीखालून बाहेर आला. ग्रीसने काळा झालेला, हातात मोज्यातलं चुंबक. त्याला गर्दीचं काही देणंघेणं नव्हतं. तो तपासणीच्या शेवटच्या पायरीवर होता.

"मला वजन पाहिजे," त्याने जाहीर केलं. "मागच्या सीटवर जड माणसं बसवायची. जन्मतः उघडी गाडी असेल तर दारं लागतात. छत कापलेलं असेल तर गाडी मधून लचकते आणि दारं अडकतात. बाई, तुम्ही या. तुम्ही छान आहात."

"मला जड म्हणालास का रे, मेल्या?" असं म्हणत दुल्से आत बसली आणि बसल्याबरोबर खूश झाली.

रांगेत मात्र भडका उडाला. "तिला आत घेतलं! तिचं झालं का?" "आत बसून खायला देतायत वाटतं!" "मी तिच्या मागे होतो, मीही आत बसणार!" पोस्टमन बसला. म्हातारा सायकलसकट बसू पाहत होता, त्याला सायकल सोडायला लावली. लेकरू कडेवर घेतलेली पोरगी बसली. आत चौघं आणि एक लेकरू झाल्यावर ओरेस्तेसने दार ढकललं. दार बोटभर उघडं राहिलं. त्याने खांदा लावला. दार बोटभर उघडंच राहिलं. पलीकडचंही तसंच. मग सगळ्यांना खाली उतरवून त्याने दार एका करंगळीने ढकललं आणि ते टक् करून लागलं.

"कापलेली!" ओरेस्तेसने चुंबक वर धरून आरोळी दिली. "बंद गाडी होती, करवतीने छत उडवलंय आणि खाली पलंग जोडलाय! उजवी बाजू पत्रा, डावी सगळी पुट्टी. इंजिन कोरियन, ते चांगलं आहे. बारा हजार! त्यावर एक छदाम नाही!"

एनेइदाबाईचा रंग उतरला. पण रांगेतला एकही माणूस हलला नाही.

"कापलेली तर कापलेली," म्हातारा म्हणाला. "कोंबडी तरी कुठे अख्खी मिळते?"

"आम्ही इतका वेळ उन्हात उभे आहोत ते काय चांगलं मिळेल म्हणून?" पोस्टमन म्हणाला. "जे आहे ते द्या!"

एनेइदाबाईचा रंग परत आला. "ऐकलंस ना?" ती ओरेस्तेसला म्हणाली. "तुझं चुंबक तुझ्यापाशी ठेव. चोवीस."

एव्हेलिओ शेवटी उभा राहून हे सगळं ऐकत होता, आणि खरी भीती त्याला आता वाटली. गाडी कापलेली आहे हे त्याने स्वतःच्या कानाने ऐकलं होतं. तरीही पुढे एवढी माणसं बघून तो टाचा उंचावून गाडीकडे बघायला लागला. संपणार. मला मिळायच्या आत संपणार. त्याच्या मनात आलं, पोरीला फोन करावा, आणखी थोडे पाठव म्हणावं, आणखी चार महिने रात्रपाळी कर म्हणावं. त्याने खिशातून फोन काढलासुद्धा. पलंगाची चाकं लावलेल्या गाडीसाठी!

त्याला वाचवलं ते दुल्सेने. गाडी हीच विकायची वस्तू आहे, खाली कोंबडी नाही, हे तिला आत बसल्यावर कळलं होतं आणि ती चिडली होती. पण ती बाई रांगेच्या बाबतीत देवासारखी चोख होती.

"ए, वाकड्या तोंडाच्या!" तिने लांबून हाक मारली. "पुढे ये. पहिला नंबर तुझा होता. मी साक्ष आहे. गाडी घ्यायचीय ना तुला? घे, म्हणजे मागचे मोकळे होतील."

सगळी गल्ली बाजूला सरकली. एव्हेलिओ पुढे आला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, एनेइदाबाईचा हात पुढे, ओरेस्तेस नुसती मान हलवत होता. एव्हेलिओने पिवळ्या गाडीकडे पाहिलं, स्वतःच्या पोटाशी बांधलेल्या गाठोड्यावर हात ठेवला, आणि जन्मात कधी उच्चारलं नव्हतं ते वाक्य पहिल्या नंबरवर उभं राहून उच्चारलं.

"नको मला."

आणि तो वळून चालायला लागला.

आमच्या शहरात माणसं रांगेत चक्कर येऊन पडली आहेत, रांगेत बाळंत झाली आहेत, रांगेत घटस्फोट झाले आहेत. पण पहिला नंबर आलेला माणूस काही न घेता, स्वतःच्या पायांनी, हसत परत गेला, असं कुणीही पाहिलं नव्हतं.

"त्याने नाही घेतलं," पोस्टमन पुटपुटला.

"पहिल्याने सोडलं!" म्हातारा मागे ओरडला. "म्हणजे नासकं आहे!"

"नासकं आहे!" कोपऱ्यापर्यंत गेलं. लेकरांना पोटाशी धरलं गेलं, सायकल उचलली गेली, पोलिसाने नाकाला रुमाल लावून बायकोला फोनवर परत जायला सांगितलं. दुल्सेने पिशव्या झटकल्या. गल्ली इतक्या झपाट्याने रिकामी झाली की एका गॅलरीतून उशिरा खाली आलेल्या बाईला शेवटचं कोण हे विचारायलाही माणूस सापडला नाही.

एव्हेलिओ आणि ओरेस्तेस कोपऱ्यावर औषधाच्या दुकानाच्या सावलीत थोडा वेळ थांबले आणि परत आले. एनेइदाबाई व्हरांड्यात बसून गार झालेली कॉफी स्वतःच पीत होती.

"बारा," एव्हेलिओ म्हणाला.

"तेरा दे. विधवा आहे मी."

"बारा. आणि आमची कॉफी तुम्ही प्यालात."

तिने कप कठड्यावर ठेवला. मग एकाएकी "घेऊन जा" म्हणाली. नोटरीकडचे सोपस्कार दोन दिवसांत झाले. ओरेस्तेस सगळीकडे सांगत सुटला की रास्त भाव म्हणजे काय हे वेदादोत पहिल्यांदा त्याने दाखवून दिलं. मिलाग्रोसने तर नवऱ्याचा सगळ्यांसमोर मुका घेतला. चौदाची परवानगी आणि बारात काम! उरलेल्या दोन हजारांत रंग, परवाना आणि पोरीला परत पाठवायला थोडे.

चावी फिरवली. कोरियन इंजिन गोड आवाजात सुरू झालं. एव्हेलिओ पुढे, मिलाग्रोस शेजारी, मागे ओरेस्तेस एकटाच, म्हणजे दारं लागली. वारा, समोर समुद्र. दोन चौक गेले. तिसऱ्या चौकाच्या अलीकडे गाडीने एक उसासा टाकला आणि ती थांबली.

ओरेस्तेसने बॉनेट उघडलं, खाली झोपला, चुंबकसुद्धा फिरवलं. सगळं ठीक होतं. मग मिलाग्रोसने टाकीचं झाकण काढून आत बघितलं.

"हिच्यात डिझेल किती होतं, हे कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

दोघंही समुद्राकडे बघायला लागले. इंजिन पाहिलं होतं, पत्रा पाहिला होता, पुट्टी, छत, पलंग, चाकं, सगळं पाहिलं होतं.

एव्हेलिओ पळत परत गेला. एनेइदाबाईने खिडकी चार बोटं उघडली.

"बाई, टाकी कोरडी आहे!"

"डिझेल येऊन आठ महिने झाले," ती म्हणाली. "जेवढं उरलं होतं तेवढं तुला दिलं की, राजा. तू भाव विचारलास, मी भाव सांगितला. डिझेल कुठे मिळतं ते तू विचारलं नाहीस. माहीत असतं तर मी गाडी कशाला विकली असती?" आणि खिडकी लागली.

तिघांनी गाडी ढकलत समुद्राकाठच्या पंपावर नेली. पंपाला कुलूप होतं. पुढे गाड्यांची रांग, अर्धा मैल, आत ड्रायव्हर झोपलेले. एव्हेलिओचा नंबर एका निळ्या प्लिमथच्या मागे लागला. प्लिमथवाल्याने दाढी वाढवलेली होती. त्याने यांचा नंबर लागतानाच बजावलं, "आलात तसे आता घरचं अंथरूण मागवा."

मिलाग्रोस दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भात आणि काळा घेवडा घेऊन ती पंपावर आली, तर आपल्या पिवळ्या गाडीच्या मागच्या सीटवर एक लालबुंद झालेलं परदेशी जोडपं हसत बसलं होतं, मागे समुद्र, आणि एव्हेलिओ वाकून त्यांचा फोटो काढत होता. हॉटेलं समोरच होती; फिरायला निघालेल्या पाहुण्यांना उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा बरी वाटत होती. पोझ घ्यायला वेळ मिळतो. जोडप्याने जाताना नोट दिली. मागोमाग दुसरं जोडपं आलं. संध्याकाळपर्यंत चालत्या गाडीवाल्याने मिळवले असते तेवढे पैसे डब्यात होते, आणि डिझेल थेंबभर जळलेलं नव्हतं.

मिलाग्रोसने डबा हलवून पाहिला. "पुढे रांग सरकली तर काय करायचं?"

"मागच्याला पुढे जायला सांगायचं," एव्हेलिओ म्हणाला. तो आता वाकडं तोंड करत नाही.

तर आता तुमच्याकडे येतो. मेहुण्याने ठरवलेला भाव, बाईने सांगितलेला भाव, रांगेने चढवलेला भाव, सगळे झाले. त्या गाडीचा खरा भाव एकाच गोष्टीवर ठरतो, आणि ती तुमच्या हातात आहे. डिझेलचा टँकर तुम्ही आठ महिने 'लवकरच' म्हणून सांगताय. एक कुटुंब त्या 'लवकरच'वर पोट भरायला लागलंय, आणि टॅम्पातली पोरगी या आठवड्यात पहिल्यांदा रात्री झोपली आहे. म्हणून स्पष्ट विचारतो: टँकर येणार आहे का? येणार असेल तर नेमक्या कुठल्या दिवशी? आधी सांगा, म्हणजे एव्हेलिओला गाडी ढकलत रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायला वेळ मिळेल. गप्प बसू नका. बोला, कधी?